‘एकच प्याला’ आणि आजचा विद्यार्थी

कै. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा ते पाहावयास नाटककार हयात नव्हते. मद्यपाननिषेधाचा धडा म्हणून या नाटकाकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तो धडा महाविद्यालयीन विद्यार्थ्यास कितपत लागू पडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कारणांपुरती गडकऱ्यांची दृष्टी अचूक आहे. सुधाकर काही चवीच्या मोहाने पीत नाही. बुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या या वकिलाची सनद जाते आणि त्याच घायाळ स्थितीत तळीराम प्याला पुढे करतो. दुखावलेला अभिमान व तत्पर सोबती ही जोडी आजही फुटलेली नाही. पेण-रोह्याच्या शाळेत पहिला येणारा मुलगा मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयात शेकडोंतील एक होतो, इंग्रजीत अडखळतो, हसला जातो. वसतिगृहात कोणी ‘एवढ्याला भितोस?’ असे विचारले की नकार देणे त्यास भ्याडपणाचे वाटते. तो पितो ते मद्यासाठी नव्हे, तर मंडळीत जागा मिळावी म्हणून! ‘आर्यमदिरामंडळा’च्या प्रवेशांत प्रेक्षक पोट धरून हसतात, हा नाटकाचा दोष नव्हे, व्यसन प्रथम हसतमुखानेच येते, हे गडकरी जाणून होते.

परिणामांच्या बाबतीत मात्र हे नाटक विद्यार्थ्यास निसटू देते. सुधाकराचा अधःपात इतका भीषण आहे की, ‘मी काही असा नाही,’ असे म्हणून तरुण मोकळा होतो. त्याची हानी बारीक पावलांनी येते: सकाळचा तास बुडतो, उसनवारी वाढते, घरी पहिले खोटे पत्र नव्हे, तर दूरध्वनीवर पहिले खोटे वाक्य जाते. आणि कधी मुंबई-गोवा महामार्गावर धुंदीत हाकलेली मोटारसायकल एका क्षणात पाचवा अंक गाठते. महाराष्ट्रात तीव्र मद्याच्या परवान्यास २५ वर्षे वयाची अट आहे. पण कायदा वसतिगृहाच्या बंद दारापाशी थबकतो.

रामलालाची कळकळ खरी. परंतु प्याला ओठांस लागल्यानंतरचा उपदेश सुधाकरास वाचवू शकला नाही. म्हणून पालकांनी मुलास ‘पितोस काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘तेथे तुला कोणी हसते काय?’ असे विचारावे. सिंधूचे अश्रू पाहून हळहळणाऱ्या घरांनी या नाटकापासून एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ झाले.