स्लेन्सची गढी आणि ड्रॅक्युलाची आख्यायिका

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीनशर परगण्यातील क्रूडन बे ह्या गावालगत, समुद्रावरील कड्याच्या अगदी धारेवर स्लेन्स कॅसलच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. 'कॅसल' ह्या शब्दास मराठीत सरसकट 'किल्ला' म्हणण्याची आपली रीत आहे. येथे मात्र ती दिशाभूल करील. बालेकिल्ला, शिबंदी, फौजेचा तळ असे ह्या ठिकाणी काही मनात आणू नये. एका सरदार घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेली बंदिस्त वस्ती, म्हणजे आपल्याकडील 'गढी', हाच शब्द ह्या वास्तूस अधिक शोभतो. प्रस्तुत लेखात म्हणून तोच योजिला आहे.

आज ह्या गढीची ओळख बहुधा एकाच वाक्यात करून दिली जाते : ब्रॅम स्टोकर ह्यास 'ड्रॅक्युला' ही कादंबरी येथे सुचली. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून ते वाक्य इतक्या वेळा आले आहे की, त्याला पुरावा मागणे हे अरसिकपणाचे वाटावे. तरीही तो मागितला पाहिजे. आणि त्याचे कारण केवळ कालनिश्चितीचे कुतूहल नव्हे. ह्या वाक्याने त्या घराची एक खरीखुरी आठवण झाकून टाकली आहे, आणि ती आठवण अठराव्या शतकातील उत्तम इंग्रजी गद्यात नोंदलेली आहे.

आधी नावाविषयी. 'स्लेन्स' हे नाव मुळात ह्या जागेचे नव्हेच. जुने स्लेन्स येथून काही मैल दक्षिणेस, कॉलिस्टनजवळ होते. एरलचा नववा अर्ल फ्रान्सिस हा कॅथलिक सरदारांच्या बंडात सामील झाला, तेव्हा राजा सहावा जेम्स ह्याने इ. स. १५९४ मध्ये ते उद्ध्वस्त केले. हद्दपारीतून परतल्यावर फ्रान्सिसने जुन्या जागी पुन्हा बांधकाम न करता इ. स. १५९७ च्या सुमारास बोनेस ह्या ठिकाणी नवे घर उभारले; नाव मात्र जुनेच आणले. स्थलनाम सामान्यतः भूमीला चिकटते, येथे ते घराण्याला चिकटले. ह्या वास्तूच्या बाबतीत नाव आणि वस्तू ह्यांची पहिली फारकत अशी आरंभीच झालेली आहे. (जॉन्सनने हे नाव 'स्लेन्स' अशा रूढ वर्णांनी न लिहिता किंचित निराळ्या वर्णांनी लिहिले आहे, कानाने ऐकलेले नाव त्याने लिहिले असावे.)

इ. स. १७७३ च्या २४ ऑगस्ट रोजी सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉझ्वेल हे दोघे हेब्रिडीज बेटांकडे जाताना ह्या घरी उतरले. जॉन्सनचा प्रवासग्रंथ इ. स. १७७५ मध्ये आणि बॉझ्वेलची रोजनिशी जॉन्सनच्या निधनानंतर, इ. स. १७८५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच मुक्कामाची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. जॉन्सनची दृष्टी खिडकीबाहेर जाते. बुरुजाची भिंत ही खालच्या उभ्या खडकाचाच पुढला भाग भासते. समोर नॉर्वेपर्यंत पसरलेला समुद्र आहे. अशा खिडकीतून वादळ पाहावयास मिळाले तर बरे, असा विचार त्याच्या मनात येतो. पण स्वतःच्या करमणुकीसाठी वादळाची इच्छा धरणे माणुसकीस सोडून होईल, म्हणून तो इच्छा धरीत नाही, आपण होऊन आलेच तर पाहावयास हरकत नाही, एवढेच म्हणतो. भव्यतेच्या वर्णनात नीतीचा असा लगाम ओढणे हे खास जॉन्सनचे.

बॉझ्वेलचे लक्ष घरातील माणसांकडे आहे, आणि माझ्या मते ह्या प्रसंगी त्याचे लेखन गुरूच्या लेखनाहून सरस ठरते. यजमान होता पंधरावा अर्ल जेम्स. तो जन्माने बॉइड घराण्यातील, इ. स. १७५८ मध्ये एरलची पदवी त्याच्याकडे आली. त्याचा पिता लॉर्ड किल्मार्नॉक हा इ. स. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात सामील झाला होता, व इ. स. १७४६ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. हा थोरला पुत्र जेम्स मात्र त्या वेळी सरकारी सैन्यात होता. कैद झालेला बाप उघड्या डोक्याने चालला आहे हे पाहून त्याने रांगेतून पुढे येऊन स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी कथा सांगतात. धाकटा पुत्र चार्ल्स बॉइड बापाच्याच बाजूने लढला, पराभवानंतर अरन बेटावर लपून राहिला, तेथे सापडलेल्या वैद्यकाच्या पुस्तकांवर त्याने दिवस काढले, आणि पुढे बरीच वर्षे फ्रान्समध्ये वनवास भोगून तो परत आला. इ. स. १७७३ मध्ये पाहुण्यांना घर दाखवीत हिंडणारा तो हाच. एका छपराखाली दोन्ही पक्षांचे दोन भाऊ, आणि दोघांचा बाप एकच.

त्या रात्री बॉझ्वेलला झोप येईना. कारणे तो क्रमाने देतो : शेकोटी भडकलेली, समुद्र गर्जत असलेला, उशा समुद्रपक्ष्यांच्या पिसांच्या आणि त्यांचा वास असह्य. ह्या तिन्ही ऐहिक कारणांनंतर किल्मार्नॉकची मूर्ती त्याच्या कल्पनेसमोर उभी राहते आणि मन उदास होते. मग तो विचार फार वेळ टिकला नाही, झोप लागली, असे सांगून तो मोकळा होतो. येथे भुताचा आभासही नाही, आणि भयनिर्मितीचा प्रयत्न तर मुळीच नाही. ज्याचे मस्तक उडविले गेले त्याच्या मुलाच्या घरी आपण निजलो आहोत, ही जाणीव मात्र आहे. पिसांचा वास आणि राजकीय मृत्यू ही दोन्ही एकाच दमात येतात, ह्यातच त्या परिच्छेदाचे सत्य आहे. स्लेन्सच्या गढीला जर कोणाचा वास असेल, तर तो ह्या माणसाचा.

आता स्टोकरकडे वळू. 'ड्रॅक्युला' इ. स. १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची हस्तलिखित टिपणे फिलाडेल्फिया येथील रोझनबाख संग्रहालयात असून इ. स. २००८ मध्ये ती छायाप्रतींसह प्रकाशित झाली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी दिनांकित नोंद मार्च १८९० ची आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात व्हिट्बी येथील वाचनालयात विल्यम विल्किन्सन ह्याच्या ग्रंथात स्टोकरला 'ड्रॅक्युला' हे नाव मिळाले. क्रूडन बे येथील त्याची पहिली भेट ह्यानंतरची, इ. स. १८९२-९३ च्या सुमाराची होय. म्हणजे कथानकाचा आराखडा आणि नायकाचे नाव ही दोन्ही घेऊनच तो ह्या किनाऱ्यावर आला. पुढे येथील मुक्कामांत त्याने कादंबरीचे काही लेखन केले, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. काउंटच्या वाड्यातील एका लहान अष्टकोनी दालनाचा उल्लेख दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि स्लेन्सच्या मध्यभागीही अष्टकोनी दालन आहे. हे साम्य मला दुर्लक्षणीय वाटत नाही. तथापि एक दालन उचलणे निराळे आणि ग्रंथ सुचणे निराळे. पाहणे, वापरणे आणि सुचणे ही तीन भिन्न क्रियापदे आहेत. पहिल्यास भक्कम पुरावा आहे, दुसऱ्यास थोडा आहे, तिसऱ्याच्या तर विरुद्धच आहे. 'प्रेरणा' ह्या सोयीच्या नामाखाली तिन्ही एकत्र बांधली की वाद मिटल्यासारखा वाटतो, इतकेच.

ह्याहून मोठा घोटाळा दृश्याचा आहे. काउंटचा वाडा कादंबरीत भग्न आहे. आजचे स्लेन्सही भग्न आहे. सबब प्रेक्षकाची खात्री पटते. परंतु स्टोकरने पाहिलेले घर भग्न नव्हते. इ. स. १८३६ च्या सुमारास अठराव्या अर्लने ते मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधले होते, आणि स्टोकरच्या वेळी त्यात दिवे लागत होते, माणसे नांदत होती. विसाव्या अर्लने इ. स. १९१६ मध्ये ते जहाजमालक सर जॉन एलरमन ह्यांस विकले. इ. स. १९२५ मध्ये छप्पर उतरविण्यात आले. कर चुकविण्यासाठी, असे सांगतात. कादंबरी निघून तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती, आणि स्टोकर वारून तेरा. जे अवशेष पाहून आपण स्टोकरची कल्पना ओळखल्याचा आनंद मानतो, ते त्याने कधी पाहिलेच नाहीत. इ. स. २००४ मध्ये येथे सुट्टीतील निवासांची योजना पुढे आली, इ. स. २००९ मध्ये ती स्थगित झाली. ती योजना पार पडली असती तर ह्या आख्यायिकेचे काय झाले असते, हा प्रश्न मौजेचा आहे.

नावांचा शेवटचा खेळ असा. स्टोकरची सही इ. स. १८९४ व १८९५ च्या पाहुणेवहीत ज्या हॉटेलात सापडते, त्याचे नाव 'किल्मार्नॉक आर्म्स'. बॉझ्वेलच्या उशाशी उभ्या राहिलेल्या माणसाची पदवी पाटीवर होती, आणि तिच्याखालून आत जाणाऱ्या लेखकाने एक परदेशी भूत सोबत आणले होते. ह्या किनाऱ्यावर स्टोकरने खरोखर जे घडविले ते त्याच्या दोन अल्पपरिचित पुस्तकांत आहे : 'द वॉटर्स माउ' (१८९५) आणि 'द मिस्टरी ऑफ द सी' (१९०२). पहिल्याचे शीर्षकच स्कॉट्स बोलीतील स्थलनाम आहे. इंग्रजी 'माउथ' मधील अंत्य व्यंजन त्या बोलीत गळून 'माउ' राहते, आणि अर्थ आपल्या 'नदीमुख' ह्यासारखा. कोळ्यांच्या तोंडची बोली एका आयरिश लेखकाने लिपीत कशी उतरविली, दोन पुस्तकांमधील सात वर्षांत त्याचा कान कितपत तयार झाला, ही तपासणी आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावी अशी आहे. तिच्यासाठी रुमानियाला जावे लागणार नाही.