कलंक कुणाचा, डाग कुणी दिला?

आजचा विषय ‘कामाच्या ठिकाणी मानसिक आजाराचा कलंक कमी करणे’ असा फलकावर लिहिला आहे. मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे. त्यामुळे औषधांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी दोन गोष्टींची समीक्षा करणार आहे. पहिली म्हणजे या विषयात आपण सर्रास वापरतो तो एक शब्द, आणि दुसरी म्हणजे एक मराठी चित्रपट.

आधी शब्द घेऊ. कलंक. ‘मानसिक आजाराचा कलंक पुसू या’ असं वाक्य आपण पोस्टरवर वाचतो आणि मान डोलावतो. पण कलंक म्हटलं की मराठी माणसाला चंद्र आठवतो. चंद्रावरचा डाग चंद्राचाच असतो, तो कुणी बाहेरून लावलेला नसतो. म्हणजे ‘कलंक पुसू या’ म्हणताना तो कलंक त्या माणसाच्या अंगावर आहे हे आपण नकळत मान्यच करून टाकतो. आपण फक्त मोठ्या मनाने तो पुसायला निघालेले असतो.

इंग्रजीतला ‘स्टिग्मा’ हा मूळचा ग्रीक शब्द. गुलामाच्या किंवा गुन्हेगाराच्या अंगावर टोचून, डाग देऊन केलेली खूण, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे गुरांना डागतात ना, तसं. ही खूण त्या माणसाची नसते, ज्याच्या हातात तापलेली सळई आहे त्याची असते. म्हणून मला विचाराल तर ‘कलंक’पेक्षा ‘डागणी’ हा शब्द खरा. कारण डागणी म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, डागलं कुणी? ‘कलंक’ हा शब्द तो प्रश्न येऊच देत नाही.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक फार उपयोगी भेद केला आहे. काही लोकांची खूण सर्वांना दिसते. काहींची दिसत नाही, पण कळली तर पत जाईल अशी असते. पहिल्याला लोकांच्या नजरेला तोंड द्यावं लागतं. दुसऱ्याला रोज हिशोब करावा लागतो की सांगू की नको, कुणाला सांगू, किती सांगू. नोकरीतला मानसिक आजार बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा किंवा पनवेलहून लोकलने मुंबईच्या ऑफिसात जाणारा माणूस आजाराशी झगडतोच, आणि वर हा हिशोबही सांभाळतो. त्याची निम्मी शक्ती यातच संपते.

आणि आपण त्याला काय सांगतो? ‘मोकळेपणाने बोला.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. बोलल्यावर काय होणार ते आधी सांगा की! ज्याच्या बढतीचा कागद वरच्या टेबलावर आहे, ज्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, तो गप्प बसला तर ते त्याचं अज्ञान नव्हे. तो त्याचा व्यवहार आहे.

या व्यवहाराचं मूळ कुठे आहे ते बघा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. हजारो घरांना त्याचा आधार झाला असेल. पण आपल्या बोलीत त्याचं काय झालं? ‘याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ ही ऑफिसातली चहाच्या वेळची थट्टा झाली. पुण्याकडचे लोक येरवड्याचं नाव घेतात. आता अशा ऑफिसात त्या रुग्णालयाचा शिक्का असलेलं मेडिकल सर्टिफिकेट द्यायचं म्हणजे काय होईल, याची कल्पना करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचं बंधन घालतं. डॉक्टर तोंड बंद ठेवतात. पण सर्टिफिकेट आवक-जावकच्या टेबलावर आलं की कारकून वाचतो, शिपाई वाचतो आणि संध्याकाळपर्यंत कँटीनला कळतं.

डागणी दर वेळी रागानेच होते असंही नाही. एका शिक्षणसंस्थेत मी हे जवळून पाहिलं आहे. एक कॅशियर तीन महिन्यांच्या रजेनंतर परत कामावर आले. सगळे अगदी गोड बोलले. ‘तुम्हाला ताण नको’ म्हणून त्यांच्याकडून कॅश काढून घेतली आणि जुन्या फायलींवर नंबर घालायला बसवलं. ‘तुम्हाला काय झेपेल?’ हे त्यांना कुणी विचारलंच नाही. पुढे दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. त्यांना कुणी एक वाईट शब्द बोललं नव्हतं. सळई तापलेली होती, फक्त मखमलीत गुंडाळलेली.

आता चित्रपटाकडे येतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने २००४ साली ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेला माणूस आणि त्याचं घर दाखवलं. त्यांच्याच ‘कासव’ला २०१६ साठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. ‘कासव’मध्ये नैराश्याने खचलेला एक तरुण जानकीला रस्त्यात आजारी अवस्थेत सापडतो. ती स्वतःही त्याच वाटेवरून गेलेली आहे. कोकणच्या किनाऱ्यावरच्या घरात ती त्याला ठेवून घेते आणि प्रश्नांचा मारा करत नाही. तिकडे किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चाललेलं असतं. माणसं घरट्याला कुंपण घालतात, राखण करतात, पण पिल्लाला समुद्रापर्यंत स्वतःच चालत जावं लागतं.

चित्रपट उत्तम आहे, यात शंका नाही. मदत कशी करावी याचं इतकं संयत चित्र मराठीत क्वचितच आलं आहे. पण मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. या घराला मस्टर नाही. तिथे उद्या सकाळी आठची पाळी नाही, रजा संपत नाही, पगार कापला जात नाही. जानकीकडे घर आहे, गाडी आहे, हाताखाली माणसं आहेत. ती थांबू शकते. पण ज्याला कुणी जानकी भेटत नाही, ज्याला पंधरा दिवसांत कामावर हजर व्हायचंच आहे, त्याचं काय? करुणेच्या भरवशावर समाज चालत नाही. करुणा जिथे थकते तिथे नियम लागतो. आपल्याकडचं या विषयावरचं बरंचसं चांगलं साहित्य आणि सिनेमा घरापाशी, नात्यापाशी थांबतो. ऑफिसच्या दारातून आत जात नाही.

आत गेलो तर काय दिसेल? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ दिसेल. त्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये की खालच्या पदावर ढकलू नये. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं. बघा, हे ‘कासव’मधलं कुंपणच आहे, फक्त सरकारी भाषेतलं.

१७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याच कलमाचा आधार घेतला. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्या अधिकाऱ्यावर गैरवर्तनाची खातेनिहाय चौकशी चालू होती आणि त्याला मानसिक आजार होता. न्यायालयाने म्हटलं, गैरवर्तनामागे आजार हेच एकमेव कारण आहे असं सिद्ध करायची गरज नाही. अनेक कारणांपैकी ते एक असलं तरी पुरे. ती चौकशी रद्द झाली.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की सुरक्षिततेचं काय? क्रेन चालवणारा, बस चालवणारा, बंदूक बाळगणारा माणूस असेल तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्याच निकालात आहे. त्याला शस्त्राशी संबंध नसलेलं काम देता येईल, पण पगार आणि सेवाशर्ती तशाच राहिल्या पाहिजेत. म्हणजे प्रश्न ‘हे काम आज याला सुरक्षितपणे जमेल का’ असा विचारायचा. ‘याला कोणता आजार आहे’ असा नाही. नजर कमी झालेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत आपण हेच करतो. त्याच्या चारित्र्यावर चर्चा करत नाही.

पण या कुंपणाला मोठं भगदाड आहे. कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खाजगी कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला कामगार त्याच्या बाहेर राहतो. आणि आपल्या पनवेलच्या आसपास बहुसंख्य तरुण नेमके असेच कामाला लागतात. २०१७ च्या कायद्यातलं कलम ३० ‘स्टिग्मा’ कमी करण्याचे कार्यक्रम आखायला सरकारला सांगतं. कार्यक्रम होतात, व्याख्यानं होतात. हेही त्यातलंच एक म्हणा! पण ठेकेदाराच्या रजिस्टरपर्यंत व्याख्यान पोचत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याच्या हातात सळई आहे त्याने ती खाली ठेवावी, आधी पोस्टर नको. सर्टिफिकेट बंद पाकिटात एकाच जबाबदार माणसाकडे जावं आणि आजाराचं नाव हजेरीपटावर येऊ नये. रजेवरून परत आलेल्या माणसाला विचारूनच काम बदलावं, आणि बदल किती दिवसांसाठी ते लिहून द्यावं. ठेकेदाराशी करार करताना, आजारपणातून परतलेल्याला काम नाकारणार नाही, ही अट घालावी. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. आणि हे झालं की माणसं आपोआप बोलू लागतील, त्यांना ‘बोला बोला’ म्हणावं लागणार नाही.

श्रोत्यांत कुणी मालक असतील, मॅनेजर असतील, युनियनची माणसं असतील. उद्या कामावर गेलात की एवढंच शोधा, आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेट कुणाकुणाच्या हातातून जातं. ते हात मोजा. तिथून सुरुवात होईल.

आता प्रश्न विचारा, आणि अवघड विचारा.