मेंदूतील दाह : निरीक्षण पक्के, अनुमान घाईचे

शास्त्रज्ञाला त्याच्या एखाद्या शोधावरून ओळखण्याची आपल्याला सवय आहे. पाठ्यपुस्तकातील चौकटीत जागाच तेवढी असते. पॅट्रिक मॅक्गीर (१९२७–२०२२) यांची कारकीर्द अशा चौकटीत मावत नाही, म्हणूनच ती शिक्षकांनी तपासून पाहावी. कॅनडातील व्हँकूव्हरचे हे संशोधक १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळले, पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि पत्नी एडिथ यांच्यासह त्यांनी अनेक दशके मेंदूवर संशोधन केले.

त्यांचे सर्वांत भक्कम काम १९८० च्या दशकातले. मेंदूत चेतापेशींखेरीज मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. संरक्षण आणि साफसफाई हे त्यांचे काम. अल्झायमर व पार्किन्सन झालेल्या व्यक्तींच्या मेंदूंचे छेद या दांपत्याने व सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासले. जिथे चेतापेशी नष्ट झाल्या होत्या, तिथे उत्तेजित मायक्रोग्लियांची गर्दी दिसली. मेंदू हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून अलग असतो, अशी तेव्हा रूढ समजूत होती. तिला तडा देणाऱ्यांत मॅक्गीर आघाडीवर होते.

पुढची पायरी मात्र आम्हांला निसरडी वाटते. संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर अपेक्षेपेक्षा कमी आढळतो, असे त्यांनी १९९० साली मांडले. हे रुग्ण वर्षानुवर्षे दाहशामक औषधे घेतात. तेव्हा तीच मेंदूला वाचवत असावीत, हे त्यांचे अनुमान. १९९२ साली जपानमधील कुष्ठरुग्णांबाबत, डॅप्सोन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी, अशी नोंद त्यांनी केली. १९९३ मध्ये इंडोमेथॅसिनच्या चाचणीचा निकाल अनुकूल आला, पण शेवटपर्यंत टिकलेले रुग्ण अवघे २८. २००१ मध्ये रॉटरडॅमच्या ६,९८९ जणांच्या पाहणीत, दोन वर्षे वा अधिक काळ अशी औषधे घेणाऱ्यांना अल्झायमरचा धोका जेमतेम एक पंचमांश दिसला.

इतके सारे एका दिशेने जात असता शंका कशाला? कारण यातील बहुतेक निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. गोळ्या घेणारे आणि न घेणारे असे गट कोणी चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. ज्याला विसर पडू लागला आहे तो आपले दुखणे नीट सांगत नाही, गोळी घ्यायलाही विसरतो. मग गोळ्या न घेणाऱ्यांत रोग जास्त दिसणारच! कारण कोणते आणि कार्य कोणते, यांची इथे अदलाबदल होऊ शकते.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले तेव्हा चित्र पालटले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३५१ रुग्ण होते. वर्षभर औषध देऊनही ऱ्हास मंदावला नाही. २००१ मध्ये अमेरिकेत रोगप्रतिबंधाची मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात घराण्यात अल्झायमर असलेले, सत्तरी गाठलेले २,५२८ जण होते. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेमुळे डिसेंबर २००४ मध्ये औषधे थांबवावी लागली. रोग टळल्याचे पुढेही दिसले नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील दोन वर्षांच्या चाचणीतही नॅप्रॉक्सेनचा लाभ आढळला नाही.

औषध उशिरा दिले, आणखी आधी सुरू करा, हे मॅक्गीर यांचे उत्तर. मेंदूतील बिघाड लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो, त्यामुळे हे उत्तर निराधार नाही. पण प्रत्येक अपयशानंतर ‘आणखी आधी’ म्हणत गेले, तर कल्पना चूक ठरण्याची वाटच उरत नाही. २०१८ सालीही ते या औषधांचा पुरस्कार करीत होते; रोगाच्या पूर्वनिदानासाठी लाळेची चाचणी विकसित करणारी कंपनीही त्यांचीच होती. इथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे.

दाहाची कल्पना मात्र टिकून आहे, तिचे रूप बदलले आहे. २०१३ साली ट्रेम-२ या जनुकातील एक दुर्मिळ बदल अल्झायमरचा धोका वाढवतो, असे आढळले. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांत कार्यरत असते आणि या बदलाने त्याचे कार्य दुबळे होते. म्हणजे ज्या पेशींना मॅक्गीर यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्या राखणदारही आहेत. त्यांना सरसकट दडपणे अंगलट येऊ शकते.

शिक्षकांनी संधिवाताची ती नोंद फळ्यावर लिहावी आणि ‘याचे दुसरे कारण काय असू शकेल?’ एवढेच विचारावे. मुले तीन-चार कारणे सहज काढतील. आणि आजी-आजोबांच्या विस्मरणावर कोणी वेदनाशामक गोळ्या सुचवल्या, तर त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, पोट, मूत्रपिंड व हृदय यांना धोका मात्र खरा आहे, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे.