समाजकार्य आणि लोककेंद्री अभिकल्प-संशोधन : एक चिकित्सा

समाजकार्याचे शिक्षण घेतलेला अभ्यासक पुढे लोककेंद्री अभिकल्पाच्या, म्हणजे डिझाइनच्या, संशोधनाकडे वळला की त्याने आपल्याबरोबर सहानुभूती आणली, असे सामान्यतः म्हटले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. समाजकार्याचे खरे देणे पुराव्याच्या शिस्तीत आहे. मेरी रिचमंड यांच्या ‘सोशल डायग्नोसिस’ या १९१७ च्या ग्रंथात प्रत्यक्ष, साक्षीजन्य व परिस्थितिजन्य असे पुराव्याचे भेद केलेले आहेत. साहाय्यार्थी काय सांगतो, इतर काय सांगतात आणि कार्यकर्ता त्यावरून कोणते अनुमान काढतो, यांची गल्लत होऊ नये, हा त्यामागील कटाक्ष होय.

चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेला अहवाल या कसोटीवर तपासण्याजोगा आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातूनच १९६१ मध्ये उभी राहिली. अहवालातील लोट्याचे विवेचन सुप्रसिद्ध आहे. पाणी किती मावावे, हाताची पकड कशी असावी, भांडे डोक्यावरून न्यावयाचे की कमरेवरून, त्याचा तोल कसा राहील, त्यास मोल किती पडेल, असे प्रश्न तेथे क्रमाने मांडलेले आहेत. वस्तूच्या चिकित्सेचा हा उत्कृष्ट नमुना होय. तथापि हा लोटा कोणी कोणत्या पाणवठ्यावर भरावा, हा प्रश्न त्या मालिकेत नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह नेमका याच प्रश्नावर उभा होता. तेथे उणीव भांड्याच्या घडणीत नव्हती, पाण्यावरील हक्क नाकारण्यात होती.

अर्थात रिचमंड यांची पद्धतीही निर्दोष नव्हे. तीत निदान अखेर कार्यकर्ता करतो आणि टिपणे संस्थेच्या दप्तरी राहतात. महाडचे सत्याग्रही मात्र कोणाच्या निदानासाठी थांबले नव्हते.

मुंबईत समाजकार्याचे उच्च शिक्षण टाटा संस्थेत १९३६ मध्ये सुरू झाले आणि पवईस औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये निघाले. एका विद्येतून दुसरीत जाण्याची वाट येथे दूरची नाही. त्या वाटेने जाणाऱ्याची योग्यता मुलाखतींच्या संख्येवरून ठरावयाची नाही. वस्तूच्या प्रश्नाआड दडलेला हक्काचा प्रश्न तो ओळखतो काय, आणि आपला निष्कर्ष नाकारण्याचा अधिकार मुलाखत देणाऱ्यास देतो काय, यावरूनच ती ठरेल.