गरम रस्ते आणि तारापूरचे कोमट पाणी

थंड देशांतील नवलांची यादी देताना पूरक वाचनाच्या पुस्तकांत तापवलेल्या रस्त्यांचा उल्लेख अनेकदा येतो. फरशीखाली तारा किंवा नळ्या असतात, कळ दाबली की अंगणातले हिम वितळते, एवढे सांगून मजकूर संपतो. माहिती खोटी नसते, पण शिकवण्याच्या दृष्टीने ती अपुरी असते. ही उष्णता येते कोठून, हा प्रश्न विचारलाच जात नाही. त्यामुळे दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच नावाखाली जमा होतात.

प्रथम हिशेब करू. ताज्या भुसभुशीत हिमाची घनता पाण्याच्या साधारण एकदशांश धरली, तर १० सेंटिमीटर हिम म्हणजे दर चौरस मीटरला १० किलो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे दर चौरस मीटरला ३,३४० किलोज्यूल, जवळजवळ एक युनिट वीज. ५० चौरस मीटरच्या अंगणाला एका वेळी सुमारे ४६ युनिट. जमिनीत आणि हवेत जाणारी उष्णता वेगळीच. विद्यार्थ्यांनी हा आकडा घरच्या वीजबिलाशी ताडून पाहावा.

ही वीज औष्णिक केंद्रातून आलेली असेल, तर तिच्यासाठी अंदाजे तिप्पट उष्णता निर्माण करावी लागलेली असते. त्यातील दोन हिस्से केंद्रातच टाकून द्यायचे, उरलेल्या एका हिश्श्याची वीज करायची आणि तिची पुन्हा उष्णता करून बर्फ वितळवायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या हॉलंड या गावाने १९८८ पासून दुसरा मार्ग धरला. तेथे गावच्या वीजकेंद्रात उरलेल्या उष्णतेने कोमट झालेले पाणी रस्त्यांखालच्या नळ्यांतून फिरवतात. आइसलंडमधील रेकयाविक शहरात भूगर्भातील गरम पाण्याने घरे ऊबदार ठेवल्यावर निवळलेले पाणी पदपथांखालून नेतात. बर्फ शून्य अंशाला वितळतो, म्हणून ३०-३५ अंशांचे पाणीही या कामाला पुरते. पुस्तकातील नवलात नेमकी हीच गोष्ट सुटते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. ५४० मेगावॅटचे दोन मोठे संच २००५ आणि २००६ मध्ये त्यात आले. अशा एका संचातील अणुभट्टीत सुमारे १,७०० मेगावॅट उष्णता निर्माण होते. वीज ५४०, उरलेली १,१०० मेगावॅटहून अधिक उष्णता वाफ थंड करणाऱ्या पाण्याबरोबर अरबी समुद्रात जाते. तेवढ्या उष्णतेने दर सेकंदाला तीन टनांहून अधिक बर्फ वितळेल!

मग बोईसरच्या कारखान्यांना ती का देऊ नये, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील. प्रश्न उत्तम आहे. कापड रंगवायला किंवा रसायने उकळायला लागते ती शंभर अंशांच्या आसपासची किंवा त्याहून तापलेली वाफ. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी समुद्रापेक्षा काही अंशांनीच गरम असते. उष्णता आपणहून कमी तापमानाकडून अधिक तापमानाकडे जात नाही. परिमाण प्रचंड, पण प्रत हलकी. पालघरला वितळवायला हिमही नाही. हॉलंडलाही हे गिऱ्हाईक हिवाळ्यापुरतेच असते.

आपल्या पाठांतील आकृतीत अणुभट्टी, वाफ, जनित्र आणि दिवा असे बाण असतात. समुद्राकडे जाणारा सर्वांत जाड बाण मात्र नसतो. ‘उरलेली ऊर्जा वाया जाते’ या वाक्यावर काम भागवले जाते. ऊर्जा नष्ट होत नाही हे आदल्याच पाठात शिकलेल्या मुलाने याचा अर्थ काय लावायचा? वाया जाते ती ऊर्जा नव्हे, तिची कामाला येण्याची क्षमता, हे स्पष्ट सांगायला हवे.

सातपाटीचे बोंबील उन्हात वाळतात. हलक्या तापमानाचे काम हलक्या तापमानाच्या उष्णतेने होते, आणि इंधन लागत नाही. वर्गात एक तक्ता करावा: काम कोणते, त्याला किती अंश लागतात, आणि आपण त्यासाठी कोणती उष्णता वापरतो. अंघोळीच्या पाण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. तो तक्ता भरल्यावर गरम रस्त्यांचे नवल मुले स्वतःच तपासतील.