कलामेळ्यातील एक भिंत

मागच्या व्याख्यानात आम्ही मर्ढेकरांच्या लयविचारापाशी थांबलो होतो. शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, हे सगळं पुस्तकातलं झालं. भिंतीवर टांगलेल्या चित्रांना ते लावून दाखवाल का?’ मागणी रास्त होती. तेव्हा आज पुस्तक जरा बाजूला ठेवू आणि एका भिंतीविषयी बोलू. ही भिंत मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होती. चार दिवस उभी होती, पाचव्या दिवशी उतरवली गेली.

मुंबईत 2023 च्या नोव्हेंबरपासून ‘आर्ट मुंबई’ नावाचा कलामेळा भरू लागला. पहिल्याच वर्षी पन्नासहून अधिक गॅलऱ्या आल्या होत्या. दिल्लीचा मेळा त्याहून जुना, 2008 मध्ये सुरू झालेला. आम्ही सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलो. सत्तरी ओलांडल्यावर रात्रभराचा प्रवास करून चित्रं बघायला जाणं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं हट्टच. पण सोलापुरात बसून समकालीन चित्र-शिल्पं इतक्या संख्येनं एका जागी बघायला मिळत नाहीत, हे आपल्याला मान्य करावं लागेल.

मेळा चालतो कसा, हे आधी समजून घेऊ. नाहीतर पुढची टीका अन्यायाची होईल. गॅलरी तिथं चौरस मीटरच्या हिशेबानं जागा भाड्यानं घेते. भिंती तात्पुरत्या, पार्टिशनच्या. आधी निमंत्रित ग्राहकांसाठी वेळ राखलेली असते, नंतर तिकीट काढून आपल्यासारखे येतात. भाडं, वाहतूक, विमा, माणसांचा मुक्काम हा सगळा खर्च त्या मोजक्या दिवसांत निघायला हवा. म्हणून बऱ्याच गॅलऱ्या एकाच कलावंताचं प्रदर्शन न मांडता समूहप्रदर्शन मांडतात. दोन मोठी नावं, तीन-चार मधली, दोन-तीन अगदी नवी. एक नाही विकलं तर दुसरं विकेल. यात गैर काही नाही. शेतकरीही एकाच पिकावर सगळं रान लावत नाही.

आता आमची भिंत. गॅलरीचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एकीचाच नाही. थोड्याफार फरकानं तो निम्म्या मेळ्याचा होता. तीन भिंतींचं दालन. समोर एका दिवंगत, नामवंत चित्रकाराचा मोठा कॅनव्हास. डावीकडे नव्या मंडळींची पाच छोटी चित्रं, सगळी एका रेषेत, सारख्या अंतरावर. उजवीकडे दोन मिश्र माध्यमातली कामं. आणि तीन शिल्पं: एक ब्राँझचं, एक फायबरचं, एक जुन्या लाकडाच्या तुकड्यांचं. तिन्ही चौथऱ्यांवर, कोपऱ्यांत.

मर्ढेकर म्हणतात, सौंदर्य हे संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असतं, आणि ती लय तीन तत्त्वांवर उभी राहते: संवाद, विरोध आणि समतोल. हे त्यांनी एका कलाकृतीविषयी सांगितलं. दहा कलाकृती लावलेल्या भिंतीला ते लागू होतं का? काटेकोरपणे नाही. भिंत ही कलाकृती नव्हे, तिचा एक कर्ता नसतो. पण ती चित्रं कोणीतरी निवडली आहेत, कोणत्या शेजारी कोणतं हे कोणीतरी ठरवलं आहे. जिथं निवड आहे तिथं जबाबदारी आहे, आणि जिथं जबाबदारी आहे तिथं समीक्षेला जागा आहे. तेव्हा तीन प्रश्न विचारू.

पहिला, संवाद. त्या पाच छोट्या चित्रांत संवाद होता का? आकार सारखा होता, चौकटी सारख्या होत्या. पण सारखेपणा म्हणजे संवाद नव्हे. शाळेच्या गणवेशातली पाच मुलं एका बाकावर बसली म्हणजे ती एकमेकांशी बोलतायत असं होत नाही. एकात शहरातली इमारत, एकात नुसते रंगाचे थर, एकात आजीचा चेहरा. तिघांचा एकमेकांशी संबंध काय? खिशाला परवडणारी किंमत, एवढाच आम्हाला दिसला.

दुसरा, विरोध. समोरचा मोठा कॅनव्हास आणि नव्यांची कामं यांत खरा विरोध उभा करता आला असता. जुन्या माणसाला नवा काहीतरी उलट बोलतोय, असं दिसलं असतं. पण मोठ्या चित्राला समोरची अख्खी भिंत आणि नव्यांना बाजूची रांग, असं बसवल्यावर विरोध होत नाही, पंगत होते. पाहुणा मधल्या पाटावर, बाकीचे कडेला.

तिसरा, समतोल. इथं शिल्पांचं बघू. शिल्प फिरून बघायचं असतं, हे काही आम्ही नव्यानं सांगायला नको. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरी त्यांचं संग्रहालय आहे. अंगणात त्यांनी केलेली म्हैस आहे. तिच्याभोवती मुलं फिरतात, मोठी माणसंही फिरतात, आणि प्रत्येक पावलाला तिचं अंग बदलतं. आमच्या दालनातल्या ब्राँझला पाठच नव्हती. म्हणजे होती, पण भिंतीला टेकवलेली. ज्या शिल्पकारानं ती पाठ महिनोन् महिने घडवली असेल, त्याच्या कामाचा अर्धा भाग कोणालाच दिसला नाही. दालनाचा तोल साधण्यासाठी शिल्पं कोपऱ्यांत गेली, तोल साधलाही. पण तो फर्निचरचा तोल होता.

मात्र एक गोष्ट तिथं खरोखर घडली. लाकडाच्या शिल्पावर वरून दिव्याचा झोत होता. त्याची सावली तिरकी होऊन शेजारच्या जलरंगाच्या खालच्या कडेवर पडत होती. त्या जलरंगात ओसाड माळ होता. सावलीमुळं त्या माळावर कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं झालं होतं. आम्ही दहा मिनिटं तिथंच उभे. तेवढ्यात गॅलरीतला तरुण आला आणि म्हणाला, ‘सॉरी सर, शॅडो डिस्टर्ब करतेय ना?’ आणि त्यानं दिवा फिरवला. माणूस सौजन्याचाच होता. पण त्या संपूर्ण दालनात दोन कामं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती, ती त्यानं गप्प केली.

या सावलीवरून आम्हाला एक चित्र आठवलं, आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, 1915 चा. त्यांचं 1954 चं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र. आम्ही मूळ चित्र बघितलेलं नाही, छापील प्रतिमेवरून बोलतो आहोत, हे आधीच सांगतो. जवळपास चौदा फूट लांबीचा कॅनव्हास आणि त्यावर तेरा चौकटी. प्रत्येकीत खेड्यातलं एकेक दृश्य: बायका, मुलं, जनावरं, कामं, बैलगाडी. म्हणजे एका अर्थी तेरा चित्रांचं समूहप्रदर्शनच. त्यात एका चौकटीत एक शेतकरी उभा आहे, आणि त्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीत गेलेला आहे. तिथल्या जमिनीला तो जणू आधार देतो आहे.

मंडळी, आज आम्हाला सांगायचं आहे ते या हातात आहे. समूहप्रदर्शनाची कसोटी हीच: एका कामाचा हात दुसऱ्याच्या चौकटीत जातो का? मर्ढेकरांचा संवाद आणि विरोध हे दोन्ही त्या एका हातात आले. चौकट आहे म्हणून विरोध, हात आहे म्हणून संवाद. चौकटी पुसून टाकल्या असत्या तर नुसता गोंधळ झाला असता. हात नसता तर नुसतं कॅलेंडर.

या चित्राचा प्रवासही मुद्द्याचा आहे. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी आलेल्या एका डॉक्टरांनी ते घेतलं, नॉर्वेला नेलं. पुढं ते ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळालं आणि अनेक दशकं तिथं राहिलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते एक कोटी साडेसदतीस लाख डॉलरना, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. भारतीय आधुनिक चित्राला तोपर्यंत मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. आलेला पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी जायचा होता. म्हणजे बाजारानं इथं वाईट काही केलं, असं म्हणता येत नाही. पण वृत्तपत्रांत आपण वाचलं काय? 118 कोटी. तेरा चौकटी आणि तो हात किती जणांनी वाचला?

आता दुसरी तुलना. हुसेन ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते, तो 1947 चा. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे. पाच चित्रकार, एक शिल्पकार. त्यांचं प्रदर्शन 1949 मध्ये मुंबईत झालं, उद्घाटन मुल्कराज आनंदांनी केलं. सहा जणांची शैली एक नव्हती, पार्श्वभूमी तर नव्हतीच. आरांनी घरगडी म्हणून, गाड्या धुऊन दिवस काढलेले. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवत. पण त्यांना एकत्र आणलं ते त्यांनी स्वतः. भांडण कोणाशी करायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं: एका बाजूला विलायती अकादमी वळण, दुसऱ्या बाजूला भूतकाळात रमणारं पुनरुज्जीवन. भांडण सामायिक असलं की चित्रं आपोआप बोलू लागतात. मेळ्यातल्या समूहाला असं सामायिक काही नसतं. त्यांचा विक्रेता सामायिक असतो. आणि तो 1947 चा समूहही लवकरच पांगला. सूझा लंडनला, रझा पॅरिसला, बाक्रे लंडनला. आज लिलावाच्या बातम्यांत सूझा, रझा, हुसेन सतत येतात. गाडे आणि बाक्रे क्वचित. सहा जण एकत्र उभे होते, पण बाजारानं त्यांना एकेकटं मोजलं.

इथं आम्हाला आमचीच एक चूक कबूल करायची आहे. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं कांट शिकवला. सौंदर्याचा आनंद हितसंबंधांपासून मुक्त असतो, हे 1790 चं त्याचं म्हणणं आम्ही असं सांगत असू, की जणू किंमत हा शब्दच कलेला विटाळ आहे. एकदा चादर-टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या घरातला एक मुलगा, चित्रं काढणारा, तास संपल्यावर म्हणाला, ‘सर, तुमचं बरोबर असंल. पण चित्र विकायचं नाही तर आम्ही खायचं काय?’ आम्ही तेव्हा काहीतरी पांडित्याचं उत्तर दिलं. तो मुलगा पुढं चित्रकलेत राहिला नाही. पगार, मग पेन्शन मिळणाऱ्या माणसानं निरपेक्षतेवर व्याख्यान देणं सोपं असतं.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त, 1974 साली, कलेकडे बघण्याच्या दोन टोकांची मांडणी केली: अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी. कला जगण्यापासून वेगळी, आणि कला जगण्याचाच भाग. आम्ही तेव्हा पहिल्या टोकाला चिकटून बसलो होतो. आज तसं वाटत नाही. पंढरपुरात प्रदक्षिणेच्या वाटेवरची दुकानं बघा. कुंकू, बुक्का, अष्टगंध यांच्या राशी, शेजारी तुळशीच्या माळा. दुकानदार विकायलाच बसलाय. पण काळ्या बुक्क्याशेजारी लाल कुंकू कसं उठतं, हे त्याला बरोबर कळतं. विक्री आणि मांडणी यांचं वैर नाही. तेव्हा आमची तक्रार गॅलरी चित्रं विकते ही नाही. ती नीट मांडत नाही, ही आहे. आणि नीट न मांडल्याचा तोटा मोठ्या नावाला होत नाही. ते कुठंही टांगलं तरी विकतं. तोटा त्या पाच छोट्या चित्रांना होतो, आणि पाठ झाकलेल्या ब्राँझला. म्हणजे ज्यांना मेळ्याची खरी गरज आहे, त्यांनाच.

उपाय महाग नाहीत. दहाऐवजी सहा कामं लावा. एक शिल्प कोपऱ्यातून काढून मध्ये आणा. नव्यांतल्या एकाला समोरच्या भिंतीवर, त्या नामवंताच्या शेजारी, उभं करा. टिकतो का बघू द्या. आणि सावली पडली तर दिवा फिरवण्याआधी थोडं थांबा.

तुमच्यातले जे पुढच्या नोव्हेंबरात जातील, त्यांना एक विनंती. किंमत जरूर विचारा, लाजू नका. पण त्याआधी दालनात मधोमध उभं राहून बघा, की कोणाचा हात कोणाच्या चौकटीत जातोय. आणि त्या मुलासारखं कोणी तुमच्या गल्लीत चित्रं काढत असेल, तर त्याचं एखादं चित्र पैसे देऊन घ्या. ते काम आमच्याकडून तेव्हा राहून गेलं.

पुढच्या वेळी पाटणकरांच्या त्या दोन टोकांविषयी सविस्तर बोलू. आज इथंच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.