टकटक कुठून येते? दोषनिदानाच्या तक्त्यांची एक समीक्षा

कोणतेही यंत्र विकत घेतले की सोबत माहितीपुस्तिका येते. तिच्या शेवटच्या पानांवर बहुधा एक तक्ता असतो. डावीकडे ‘बिघाड’, उजवीकडे ‘उपाय’. अडचण आल्याशिवाय हा तक्ता कोणी वाचत नाही, आणि अडचण आल्यावर त्याची चिकित्सा करण्याइतकी सवड नसते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यामुळे मला ती सवड काढावी लागली.

दहावीतल्या या मुलाने आमच्या विज्ञान मंडळात ‘रॉक क्रॉलर’ आणला. खडकांवरून सावकाश रांगत चढणारी ही रिमोटची गाडी, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची. चढावर ती टकटक आवाज करी आणि अडखळे. पुस्तिकेतल्या तक्त्यात लिहिले होते : ‘आवाज येतो – मोटरवरचे दातेरी चाक तपासा, गरज पडल्यास बदला.’ त्याने ते बदलले. मग त्याला जोडलेले मोठे चाक बदलले. शेवटी मोटरही बदलली. साठवलेले पैसे संपले. टकटक तशीच राहिली.

तक्ता खोटा नव्हता. मोटरवरचे चाक सैल बसले तर असा आवाज येतोच. माझा आक्षेप वेगळा आहे. तक्ता उपाय सांगतो, पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला शिकवत नाही. त्यामुळे वाचक एकामागून एक भाग बदलत जातो आणि यालाच दुरुस्ती समजतो.

आता या गाडीची रचना पाहू. मोटरवर छोटे दातेरी चाक (पिनियन) असते. ते एका मोठ्या चाकाला फिरवते. तिथून गती गिअरबॉक्समध्ये जाते. गिअरबॉक्समधून पुढे आणि मागे एकेक लांब दांडा निघतो, आणि प्रत्येक दांडा आपल्या आसातल्या दातेरी जोडीमार्फत चाके फिरवतो. समजा, पिनियनला १३ दाते आहेत आणि मोठ्या चाकाला ५२. म्हणजे गुणोत्तर ४. गिअरबॉक्सचे गुणोत्तर ३ आणि आसाचे ३ धरू. चार त्रिक बारा, बारा त्रिक छत्तीस. गाडीचे चाक एकदा फिरते तेव्हा मोटर ३६ वेळा फिरते.

आपले पाठ्यपुस्तकातले गणित बहुधा इथे थांबते. खरी गंमत मात्र इथूनच सुरू होते, कारण हेच आकडे बिघाडाचा पत्ता सांगतात. एखाद्या दातेरी चाकाचा एक दाता तुटला, तर ते चाक एकदा फिरताना एकदा ‘टक’ होणार. म्हणून गाडीच्या चाकाच्या एका फेरीत एकच टक ऐकू आली, तर दोष आसातल्या मोठ्या दातेरी चाकात. तीन आल्या तर दांड्याच्या टोकाच्या पिनियनमध्ये. नऊ आल्या तर मोटरजवळच्या मोठ्या चाकात. आणि आवाज इतका जलद आला की मोजताच येत नाही, तर मोटरच्या पिनियनवर संशय घ्यावा.

आम्ही बॅटरी काढली, टायरवर खडूने खूण केली, गाडी उचलून धरली आणि एक चाक हाताने हळूहळू फिरवले. एका फेरीत एकच टक. मागचा दांडा सोडवून पुढचे चाक फिरवले, आवाज नाही. मागचा आस उघडला, तर मोठ्या चाकाचा एक दाता अर्धा उडालेला! मोटर निर्दोष होती.

या तपासाचा दुसरा धागाही तक्त्यात नसतो. मोटरच्या बाजूला वेग जास्त आणि टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, कमी. चाकाच्या बाजूला नेमके उलट. म्हणून मोटरकडचे दोष बहुधा झिजेचे आणि तापण्याचे असतात, चाकाकडचे मोडण्याचे.

हाताने फिरवण्याची चाचणी आणखी काही सांगते. अशा गाड्यांत बहुधा दोन्ही आस ‘लॉक’ असतात. डावे चाक फिरले की उजवेही फिरते, आणि दांड्यांमुळे चारही फिरतात. समोरचे चाक फिरले नाही तर दोष त्याच आसात. दुसरा आस फिरला नाही तर दांड्यात किंवा त्याच्या जोडात. ट्रॅक्ससच्या २०१७ सालच्या टीआरएक्स-४ मध्ये मात्र हे लॉक रिमोटवरून उघडता येते, आणि प्रत्येक चाकापाशी आणखी एक दातेरी जोडी असते. तिथे लॉक लावूनच चाचणी करावी. मोजणीचे आकडे बदलतील, रीत बदलणार नाही. या चाचणीला एक मर्यादाही आहे : क्लच सैल असेल तर तो भार पडल्यावरच घसरतो, हाताच्या हलक्या जोराला कळत नाही.

तक्त्यांचा आणखी एक दोष असा की जो बिघाडच नाही, त्यालाही ते उपाय सुचवतात. ‘चढावर गाडी एका बाजूला कलते – स्प्रिंग तपासा.’ वास्तविक लांब दांडा पीळ देतो, तेव्हा गाडीच्या सांगाड्याला उलट दिशेचा पीळ बसतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी जोराने मागे चालवून पाहा. ती आता दुसऱ्या बाजूला कलली, तर स्प्रिंग निर्दोष आहे.

मग तक्ते टाकून द्यावेत का? नाही. घाईत त्यांचा उपयोग होतो. पण ‘बिघाड’ आणि ‘उपाय’ यांच्या मध्ये एक तिसरा रकाना हवा : ‘चाचणी, आणि तिचा अर्थ’. हा रकाना छापील पुस्तिकेत येईपर्यंत तो विद्यार्थ्यांकडून भरून घेता येईल.

त्यासाठी महागडी गाडी लागत नाही. शाळेच्या आवारातली सायकल पुरे. टक पायडलच्या प्रत्येक फेरीला येते, की मागच्या चाकाच्या? पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आणि साखळीला ११० कड्या असतील, तर अखडलेली एक कडी पायडलच्या किती फेऱ्यांनी पुन्हा त्याच जागी येईल? उत्तर अडीच. मुलांनी ते आधी कागदावर काढावे, मग सायकल उलटी करून मोजावे.